साहेब फोनवर म्हणाले, ‘सकाळपर्यंत बांधून ठेवा’

या वेळचं पत्र एका निरीक्षणगृहातल्या काळजीवाहकाचं आहे. गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांना चौकशी चालू असताना ठेवतात, ते हे गृह. जिल्हा आणि ओळख पटेल असा तपशील काढला आहे. बाकी मजकूर त्यांचाच, थोडा आटोपशीर केलेला.

‘ताई, मी कंत्राटावर आहे. रात्रपाळीला आत मी एकटा, गेटवर चौकीदार आणि मुलं बावीस. मागच्या महिन्यात एका सोळा वर्षांच्या मुलाने जेवणाचं ताट भिरकावलं, ट्यूबलाइट फोडली आणि दाराच्या गजांवर डोकं आपटायला लागला. घरी सोडा नाहीतर जीव देतो, असं ओरडत होता. त्याचा जामीन होऊन तेव्हा पंधरा-वीस दिवस झाले होते, पण घरचं कुणी न्यायला आलं नव्हतं. चौकीदाराला आत बोलावलं, दोघांनी त्याला धरला. अधीक्षक साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, सकाळपर्यंत बांधून ठेवा, आल्यावर बघतो. आम्ही पंचाने त्याचे दोन्ही हात कॉटच्या दांडीला बांधले. रडून रडून तो झोपला. पहाटे सोडला तेव्हा मनगटावर वळ होते आणि अंथरूण ओलं होतं. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. रजिस्टरला काही घ्यायचं नाही असं मला सांगितलंय. तारखेला नेताना पोलीससुद्धा दोरी लावतातच की. मी चुकलो का? बांधला नसता आणि त्याने डोकं फोडून घेतलं असतं, तर खापर कोणावर फुटलं असतं? हक्कांचे कायदे करणाऱ्यांनी एक रात्र इथे काढावी.’

भाऊ, उत्तर आधी देते, कारणं नंतर. मुलाला धरलात ते बरोबर होतं. बांधलात ते चूक होतं.

गजांवर डोकं आपटणाऱ्या पोराला दोघांनी मागे ओढणं, आवळून धरणं, हे कुठलाही बाप करेल. त्याला कोणी क्रूरता म्हणणार नाही. पण तुम्हीच लिहिलंय की रडून रडून तो झोपला. झोपलेल्या मुलापासून कोणाला काय धोका होता? त्याचे हात पहाटेपर्यंत बांधलेले राहिले, कारण साहेब सकाळी येणार होते. त्याच्या डोक्याला आणखी लागू नये हा हेतू तोपर्यंत केव्हाच मागे पडला होता. उरली होती ती शिक्षा, किंवा फार तर तुमची सोय.

बाल न्याय अधिनियम, २०१५ उघडून बघा. मुलाला बांधायची परवानगी देणारं एकही कलम त्यात नाही. उलट कलम ७५ म्हणतं की ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने त्याला विनाकारण शारीरिक किंवा मानसिक यातना होतील असं वागवलं, तर तो गुन्हा. आणि हे संस्थेच्या माणसाने केलं, तर पाच वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि पाच लाखांपर्यंत दंड. कलम ८२ संस्थेतल्या शारीरिक शिक्षेबद्दल आहे. शिस्त लावायला म्हणून मुलाला शारीरिक शिक्षा केली, तर पहिल्यांदा दोषी ठरल्यावर दहा हजारांचा दंड. शिवाय नोकरी जाऊ शकते आणि पुढे मुलांसोबत काम करायला मनाई होते. ही शेवटची ओळ तुम्हाला टोचेल, पण ती लपवून सल्ला देण्यात अर्थ नाही.

त्याच कलमात पुढे आणखी एक तरतूद आहे, ती तुमच्या साहेबांनी वाचायला हवी. शारीरिक शिक्षेची तक्रार झाली आणि संस्थेच्या व्यवस्थापनाने चौकशीला सहकार्य केलं नाही, तर व्यवस्थापनाच्या प्रमुखाला कमीत कमी तीन वर्षांची कैद. मारणाऱ्याला पहिल्या खेपेला दंड आणि दडपणाऱ्याला कैद, असा हिशेब आहे. ‘रजिस्टरला घेऊ नका’ हे वाक्य म्हणूनच साहेबांनाच महागात पडणारं आहे.

आता तुम्ही म्हणाल, ताई, मूल खरोखर जिवावर उठलं असेल तर काय हात जोडून उभं राहायचं? नाही. जगातले नियमही इतके भाबडे नाहीत. स्वातंत्र्य हिरावलेल्या मुलांसाठी संयुक्त राष्ट्रांनी १९९० मध्ये जे नियम केले, त्यांना हवाना नियम म्हणतात. मूल स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल, किंवा मालमत्तेची मोठी नासधूस करत असेल, तर अपवाद म्हणून बळाचा वापर त्यांनाही मान्य आहे. पण अटी बघा. बाकीचे सगळे उपाय करून झालेले हवेत. देशाच्या कायद्याने तशी स्पष्ट मुभा दिलेली हवी. वेळ कमीत कमी हवा. त्यातून मुलाची मानहानी होता कामा नये. आदेश संस्थाप्रमुखाचा हवा, त्याने लगेच डॉक्टरांचा सल्ला घ्यायला हवा आणि वरिष्ठांना कळवायला हवं. तुमच्याकडे यातली एकच अट पुरी झाली, प्रमुखाच्या आदेशाची. तीही फोनवर.

कायदा थोडा बाजूला ठेवू. तुमच्या पत्रातली मला सर्वात घाबरवून गेलेली गोष्ट पंचा नव्हे. त्या मुलाने लोखंडी गजांवर डोकं आपटलं आणि रात्रभर डॉक्टर आला नाही, ही आहे. डोक्याला मार लागल्यावर काही तासांनी उलटी होऊ शकते, गुंगी येऊ शकते. हात बांधून उताणं निजवलेल्या मुलाला उलटी झाली तर कूस बदलता येत नाही, ती श्वासनलिकेत जाते. तुम्हाला वाटलं तो झोपला. तो झोपलाय की बेशुद्ध पडलाय हे तुम्हाला दारातून कळलं असतं का? आणि तुम्हीच लिहिता की त्याने ट्यूबलाइट फोडली होती. तिथल्या उघड्या वायरींवरून आग लागली असती, तर एकवीस मुलांना बाहेर काढताना बाविसाव्याची गाठ कोणी सोडवली असती? ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीत मनोरुग्णांच्या एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली आणि पंचवीसहून जास्त माणसं होरपळून मेली. पळता न येण्याचं कारण एवढंच की त्यांना साखळदंडांनी बांधलेलं होतं.

नुसतं धरणंही वाटतं तितकं निरुपद्रवी नसतं, म्हणून इंग्लंडमधली एक घटना सांगते. रेन्सब्रुक नावाच्या बंदिस्त प्रशिक्षण केंद्रात, म्हणजे मुलांच्या तुरुंगातच, एप्रिल २००४ मध्ये गॅरेथ मायट हा पंधरा वर्षांचा मुलगा मेला. वजन जेमतेम ४१ किलो. सँडविच टोस्टर पुसण्यावरून कुरबूर झाली, त्याला खोलीत पाठवलं, मग कर्मचारी खोलीतलं त्याचं सामान काढून न्यायला लागले आणि तो भडकला. तिघांनी त्याला बसलेल्या अवस्थेत पुढे वाकवून धरून ठेवलं. ही पद्धत त्यांना रीतसर शिकवलेली होती. श्वास घेता येत नाही असं तो सांगत होता. त्यातच तो गुदमरून मेला. ती पद्धत नंतर बंद केली गेली. तरीही २००७ मध्ये तिथल्या सरकारने नियम बदलून ‘शिस्त आणि सुव्यवस्थेसाठी’ अशा केंद्रांत बळ वापरायची मुभा दिलीच. २००८ मध्ये अपील न्यायालयाने ते नियम रद्द केले. सरकारांचं असं असतं, मूल मेल्यावर हळहळायचं आणि पुढच्याच दमात सूट मागायची.

ऑस्ट्रेलियातही असंच. जुलै २०१६ मध्ये तिथल्या टीव्हीवर नॉर्दर्न टेरिटरीमधल्या एका किशोर कोठडीतलं चित्रीकरण दाखवलं गेलं. सतरा वर्षांचा मुलगा, डोक्यावर टोपडं चढवलेलं, हातपाय-मान पट्ट्यांनी खुर्चीला आवळलेली, जवळपास दोन तास. कारण काय, तर तो स्वतःला इजा करीन म्हणाला होता. दुसऱ्याच दिवशी पंतप्रधानांना चौकशी आयोग जाहीर करावा लागला. तुमच्याकडच्या मुलाचे शब्द आठवा. ‘जीव देतो’ म्हणणाऱ्या मुलाला बांधून एकटं ठेवलं की जीव द्यायची इच्छा जाते, असं कोणी मानत असेल तर त्याने मुलांमध्ये नोकरी करू नये.

मग त्या रात्री काय करायला हवं होतं? मी काही वर्षं बाल न्याय मंडळावर, म्हणजे अशा मुलांची प्रकरणं ज्याच्यापुढे चालतात त्या मंडळावर, सदस्य होते. मंडळाला दर महिन्याला अशा गृहांना भेट द्यावी लागते, त्यामुळे तुमची बरॅक मी पाहिली नसली तरी तशा बऱ्याच पाहिल्या आहेत. पोरं कधी उसळतात हे जुन्या काळजीवाहकांना तोंडपाठ असतं. तारखेहून परत आल्यावर. भेटीच्या वारी, ज्याचं कुणी आलं नाही तो. आणि रात्री जेवणानंतर, दारं लागायच्या वेळी. म्हणजे हे पावसासारखं अवचित येत नाही. ज्याची तारीख पडली त्याच्याशी संध्याकाळीच दोन शब्द बोलायचे, त्याची कॉट त्या दिवशी आपल्या खुर्चीजवळ घ्यायची. एवढ्यानेही बरंच निभतं.

उसळलाच, तर आधी प्रेक्षक हटवा. एकवीस पोरं बघत असताना कुठलाही सोळा वर्षांचा मुलगा माघार घेत नाही. मोठ्या मुलांपैकी दोघा शहाण्यांना सांगून बाकीच्यांना दुसऱ्या टोकाला न्या. मोठ्या पोरांना त्याच्या अंगावर मात्र घालू नका. काही गृहांत ही पद्धत असते आणि ती तुमच्या पंचापेक्षा वाईट आहे. बोलायचं एकाने. चौकीदाराने मागून ‘ए, गप’ म्हणायचं नाही. समोरासमोर छाती काढून न उभं राहता थोडं बाजूला, दोन हात अंतरावर राहा. ‘शांत हो’ म्हणून कोणी शांत होत नाही. ‘तुझी आई आली नाही म्हणून ना?’ असं विचारलंत तर तो शिव्या देईल, पण बोलेल. बोलणारा मुलगा गजांवर डोकं कमी आपटतो. गज आणि डोकं यांच्यामध्ये उशी किंवा गादी धरा. हसू नका, मंडळावर असताना एका जुन्या काळजीवाहकाने मला हे सांगितलं होतं आणि यापेक्षा कामाचं मी नंतर कुठल्या प्रशिक्षणात ऐकलेलं नाही.

धरावंच लागलं तर पालथं पाडायचं नाही. पाठीवर, छातीवर, मानेवर गुडघा किंवा अंगाचा भार टाकायचा नाही. तोंड दाबायचं नाही, पोटावर दुमडायचं नाही. तोंडाने सारखं सांगत राहायचं की तू आपटायचं थांबलास की सोडतो, आणि थांबला की खरंच सोडायचं. ‘बोलतोय म्हणजे श्वास चालू आहे’ हा समज घातकी आहे. श्वास कोंडत चाललेला मुलगाही ओरडू शकतो. झटापट करता करता एकदम गार पडला, तर त्याला शांत झाला समजू नका. कुशीवर वळवा, चेहरा बघा, ओठांचा रंग बघा आणि १०८ लावा. डोक्याला लागलं असेल तर तो कितीही गोड बोलत असला तरी १०८ लावा.

नशा करणाऱ्या मुलांचं वेगळं. सोल्युशन (हुंगायचं), बटन गोळ्या (नशेच्या) असलं काही सुटत असेल, तर दाखल झाल्यावरच्या पहिल्या दिवसांत घाम, थरथर, भलतंच दिसणं, अंगावर धावून येणं हे सगळं होऊ शकतं. काही गोळ्या एकदम बंद झाल्या तर फिटही येते. तो माज नाही, आजार आहे, आणि तिथे तुमची समजूत उपयोगाची नाही. डॉक्टरच लागतो.

आणि साहेबांचा फोन. फोनवर वाद घालू नका, रात्री साडेदहाला कोणी वाद जिंकत नाही. म्हणा, ‘साहेब, डोक्याला लागलंय, मी १०८ बोलावतोय, तुम्हाला मेसेज टाकतो.’ आणि खरंच टाका. वेळ, काय झालं, मी काय केलं. त्यावर ‘बांधा’ असं लिहून पाठवायची हिंमत फार थोड्या साहेबांत असते.

खापर कोणावर फुटलं असतं, हा तुमचा प्रश्न खरा आहे आणि मी तो टाळत नाही. त्याला काही झालं असतं तर पहिला हात तुमच्यावरच पडला असता, कारण तुम्ही कंत्राटी आहात. पण दोन चित्रं शेजारी ठेवून पाहा. एकात मुलाला लागलंय, १०८ ची नोंद आहे, साहेबांना मेसेज आहे, वहीत वेळेसकट सगळं आहे. दुसऱ्यात मुलाच्या मनगटावर वळ आहेत आणि वहीत ‘सर्व मुले शांत’ लिहिलंय. मंडळापुढे यातलं कुठलं चित्र घेऊन उभं राहायला आवडेल? रात्रपाळीच्या वह्यांमधलं ते ‘सर्व मुले शांत’ मी इतक्या वेळा वाचलंय, एकाच शाईत, एकाच वळणात, आठवडाभराचं एकदम लिहिलेलं, की तो शब्द दिसला की मी मुलांची मनगटं बघायचे.

पोलीस दोरी लावतात म्हणता. लावतात, हे मला माहीत आहे. त्यांचंही चूक आहे. बाल न्याय अधिनियमाखाली २०१६ मध्ये केलेल्या आदर्श नियमांमधला नियम ८ सांगतो की मुलाला हातकड्या, साखळी किंवा कसलंही बंधन घालायचं नाही, त्याच्यावर जबरदस्ती करायची नाही. मुलांशी संबंध येतो तेव्हा पोलिसाने साध्या कपड्यांत असावं, हेही तिथेच आहे. हल्ली काही पोलीस नव्या कायद्याकडे बोट दाखवतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३ मध्ये खून, बलात्कार, संघटित गुन्हेगारी, कोठडीतून पळालेला आरोपी अशा काही बाबतींत हातकडी वापरायची मुभा दिली आहे, हे खरं. पण ती मोठ्यांसाठी. मुलांना ताब्यात घेणं, ठेवणं, त्यांच्यावर खटला चालवणं या सगळ्याला इतर कायद्यात काहीही असलं तरी बाल न्याय अधिनियमच लागू होतो, असं त्याच्या पहिल्याच कलमात लिहून ठेवलंय. आणि मोठ्यांच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये प्रेमशंकर शुक्ला प्रकरणात सांगितलं होतं की सरसकट हातकड्या घालणं अमानुष आहे, पहारेकऱ्यांची सोय हे काही कारण होत नाही. पुढच्या तारखेला दोरी दिसली तर मुलासोबत जाणाऱ्या तुमच्या माणसाने मंडळासमोर ती तशीच दिसू द्यावी. दारात सोडून आत न्यायची चलाखी चालते, ती चालू देऊ नका.

आता झालं त्याचं काय करायचं, ते. लेखी द्या. अधीक्षकांच्या नावे, प्रत बाल न्याय मंडळाला आणि जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांना. भाषा साधी: ‘अमुक तारखेला रात्री सुमारे इतक्या वाजता अमुक मुलाने दाराच्या गजांवर डोके आपटले. मी व चौकीदाराने त्याला धरले. फोनवर मिळालेल्या आदेशाप्रमाणे त्याचे हात पंचाने कॉटला बांधले. पहाटे सोडले. मनगटावर वळ होते. डॉक्टरांना बोलावले नव्हते. त्याची वैद्यकीय तपासणी व्हावी व समुपदेशकाकडे पाठवावे.’ एवढंच. साहेब वाईट, मी चांगला, असं काही त्यात घालू नका. जुन्या तारखेची नोंद आता वहीत घुसडू नका, आजच्या तारखेने घ्या आणि आजच घेतोय असं लिहा. अर्ज देण्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन वकिलाला दाखवा. उत्पन्नाच्या मर्यादेत बसत असाल तर वकील फुकट मिळतो. यातून तुम्हाला काहीच त्रास होणार नाही, असं मी म्हणणार नाही. पण तुम्ही स्वतः सांगितलेली गोष्ट आणि दुसऱ्याने उघडकीस आणलेली गोष्ट यांचं वजन चौकशीत सारखं नसतं. आणि तुमच्याकडची एकवीस पोरं साक्षीदार आहेत. त्यातलं एखादं सुटल्यावर बोलणारच.

त्या वळांचे फोटो काढून कुठल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. कलम ७४ प्रमाणे मुलाची ओळख उघड करणं हाही गुन्हा आहे. जे दिसतंय ते डॉक्टरच्या कागदावर येऊ द्या.

मुलाशी बोला, तो बोलत नसला तरी. मोठं भाषण नको. ‘त्या रात्री तुला बांधलं, ते मी करायला नको होतं,’ एवढं म्हणा आणि तो काय करतो ते बघत बसू नका. मनगटापेक्षा त्याला ओल्या अंथरुणाचं जास्त लागलं असणार. सोळा वर्षांच्या पोराचं अंथरूण बाकीच्यांनी पाहिलं, बहुधा कोणी त्यावरून नावही पाडलं असेल. ते नाव तुमच्या कानावर आलं तर हसण्यावारी नेऊ नका, तिथल्या तिथे थांबवा. रात्री उठून पाणी हवं, लघवीला जायचंय, असं कोणी म्हणालं तर दार उघडलं जातं, हे त्या मुलाला पुन्हा दिसायला हवं. तुमच्या शब्दांपेक्षा ते त्याला आधी पटेल.

‘एक रात्र इथे काढावी’ या तुमच्या टोमण्याशी मी सहमत आहे. बावीस मुलांवर एक माणूस, तोही कंत्राटी, प्रशिक्षणाविना, ही शासनाने तुमच्यावर आणि मुलांवर एकाच वेळी केलेली हलगर्जी आहे. पण माणसं कमी म्हणून बांधायचं, हे वेड्यांच्या इस्पितळातही आता चालत नाही. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मध्ये कलम ९७ आहे. रुग्णाला एकांतात डांबायला तिथे बंदी आहे. बांधायचं तर केवळ तात्काळ धोका टाळायला आणि मानसोपचारतज्ज्ञाच्या मंजुरीने. शिक्षा म्हणून कधीच नाही, आणि कर्मचारी अपुरे आहेत एवढ्या कारणावरून तर नाहीच. जिथे डॉक्टर आणि नर्स चोवीस तास असतात त्या जागेसाठी हा नियम आहे. तुमच्याकडे त्यातलं कोणीच नाही, म्हणजे तुमच्याकडे तर प्रश्नच येत नाही.

तेव्हा रात्रपाळीला दुसरा माणूस हवा हे लेखी मागा, या घटनेचा हवाला देऊन. जिल्ह्याची तपासणी समिती निदान तीन महिन्यांतून एकदा यायला हवी, तिच्यात एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी असायला हवा. मंडळाची भेट दरमहा. हे लोक आले की चहा-बिस्किटांत गुंतवून परत पाठवण्याचा रिवाज बऱ्याच ठिकाणी आहे. तुम्ही त्यांना बरॅकमध्ये, साहेबांच्या मागे नव्हे तर पुढे होऊन सांगा की रात्री मी एकटा असतो. तक्रारपेटी कुठे टांगली आहे तेही एकदा बघून या. ती कार्यालयापासून लांब, मुलांचा हात पोचेल अशी हवी आणि तिची किल्ली व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे असायला हवी. बऱ्याच ठिकाणी ती अधीक्षकांच्याच टेबलाच्या खणात असते.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र तुम्ही पत्रात जाता जाता लिहून गेलात. जामीन होऊन पंधरा-वीस दिवस झाले होते आणि न्यायला कुणी आलं नव्हतं. भाऊ, त्या मुलाला त्या रात्री तिथे असायचंच नव्हतं. बाल न्याय अधिनियमाच्या कलम १२ चं चौथं पोटकलम असं आहे की जामिनाच्या अटी सात दिवसांत पुऱ्या करता आल्या नाहीत, तर मुलाला पुन्हा मंडळासमोर उभं करायचं, म्हणजे मंडळ त्या अटी बदलू शकेल. जामीनदार मिळत नसेल तर जामीनदाराशिवाय सोडता येतं. बाप येत नसेल तर परिविक्षा अधिकाऱ्याच्या (प्रोबेशन ऑफिसरच्या) देखरेखीखाली किंवा दुसऱ्या योग्य व्यक्तीकडे देता येतं. एखादी मावशी, आजोबा, मोठा भाऊ, कोणीही. आठव्या दिवशी हे कोणी केलं असतं तर ताट फिरलं नसतं, ट्यूबलाइट फुटली नसती आणि तुमच्या हातात पंचा आला नसता. तो घरी सोडा म्हणत ओरडत होता, आणि कायदाही नेमकं तेच म्हणत होता.

अशा पोरांचं कुणी येत नाही याची कारणं बहुतेकदा साधी असतात. आई ऊसतोडीला गेलेली, फोन बंद, समन्स जुन्या पत्त्यावर. कधी बाप म्हणतो, राहू दे आत, सुधारेल. त्याला तिथे आत काय होतं हे माहीत नसतं. हे शोधायचं काम परिविक्षा अधिकाऱ्याचं आहे, पण मुलाला कोणाकोणाचे नंबर पाठ आहेत ते तुम्हाला रात्री बोलता बोलता जास्त लवकर कळेल. लिहून घ्या आणि त्यांना द्या.

मुलगा अजून तिथेच असेल तर हे पत्र छापून येईपर्यंत थांबू नका. उद्या सकाळी पाळी संपली की परिविक्षा अधिकाऱ्यांना भेटा, जामिनाच्या आदेशाची तारीख दाखवा आणि मंडळाच्या पुढच्या बैठकीला त्याला हजर करा म्हणावं. ते टाळाटाळ करू लागले तर मंडळाकडे नेमलेल्या विधी सेवा वकिलांना गाठा. मुलाने स्वतःच्या हाताने लिहिलेला अर्जही चालतो. साधा कागद पुरे, मराठीत लिहिला तरी हरकत नाही. आणि इतर एकवीस जणांच्या फाइलीही एकदा बघायला सांगा. जामीन होऊन अडकून पडलेला हा एकटाच असेल, असं मला वाटत नाही.